महेमूदचं गाणं

पुंजाराम गायचा तेव्हा डोळे मिटून गायचा, आणि म्हणूनच महेमूद कसा मेला ते त्याने पाहिलं नाही.

ही गोष्ट १९९३ सालची. जालन्यात तेव्हा तिघांचा एक बँड होता, 'भट्टी' नावाचा. पुंजाराम मूळचा हसनाबादचा, शेतकऱ्याघरचा. औरंगाबादेत कॉलेजात असताना कुणाच्या तरी खोलीवर इंग्रजी रॉकच्या कॅसेटी ऐकून पोरगं वाया गेलं, असं त्याचा बाप कारभारी भेटेल त्याला सांगायचा. पुंजाराम इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि गायचा. गायचा म्हणजे ओरडायचाच. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगायच्या. ड्रम महेमूदकडे. महेमूद दिवसभर एका रोलिंग मिलमध्ये चिमट्याने लालभडक सळ्या ओढायचा. त्याच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. बँडला नावही त्यानेच दिलेलं. तिसरा काकासाहेब, बेस गिटारवाला. स्पीकर, जनरेटर, सामान न्यायचा टेम्पो, सगळं त्याच्या घरचं. घर राजकारणातलं, आणि बापासमोर काकासाहेबाची मान वर होत नसे.

जत्रेत, गॅदरिंगला त्यांना बोलावणं यायचं ते सिनेमाच्या गाण्यांसाठी. ते आधी तीच वाजवायचे. लोक खूश झाले की मग स्वतःची काढायचे: मिलच्या भोंग्याचं, पाण्याच्या टँकरमागे पळणाऱ्या बायांचं, असली मराठी गाणी, कानठळ्या बसतील अशा आवाजात. कुठे टाळ्या पडायच्या, कुठे दगड. एकदा परतूरकडे एका लग्नात नवरदेवाच्या मामाने महेमूदच्या ड्रमवर जळती मशाल फेकली होती. महेमूदने ती विझवली आणि त्याच तालात पुढे वाजवत राहिला. तिघेही हसत घरी आले. तेव्हा ते सगळं हसण्यावारी जायचं.

त्या उन्हाळ्यात वाटूरच्या जत्रेची सुपारी आली. दोन ट्रॉल्या एकमेकींना लावून वर फळ्या टाकलेलं स्टेज, मागच्या बाजूला स्पीकरांच्या आड महेमूदचे ड्रम. दिवस अजून मावळला नव्हता. पुढच्या खुर्च्यांवर तातेराव बसला होता. वाटूर फाट्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या त्याच्या इशाऱ्यावर चालायच्या. ज्या ड्रायव्हरने ऐकलं नाही त्याच्या काचा फुटायच्या, कधी दात पडायचे. तीन वेळा त्याने सिनेमाचं एकच गाणं वाजवायला लावलं. चौथ्यांदा तो ओरडला, "आणखी एकदा!"

"आता आमचं एक," पुंजाराम माईकवर म्हणाला, आणि तारेवर हात मारला.

गाणं जोरात सुरू झालं. पुंजारामने डोळे मिटले. अर्ध्यावर आला असेल नसेल, मागचा ड्रम तुटल्यासारखा थांबला. त्याला वाटलं, कातडं फाटलं. त्याने वळून पाहिलं तर स्टुलावर महेमूद नव्हता. झांजेचा लोखंडी स्टँड हातात घेऊन तातेराव तिथे उभा होता. आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या मधल्या फटीत, खाली हुकावर डोकं आपटून महेमूद पडला होता. त्याचा एक पाय अजून हलत होता.

पुंजारामने गळ्यातली गिटार काढली, मानेला दोन्ही हातांनी धरली आणि कुऱ्हाड घालावी तशी घातली. पहिला घाव तातेरावच्या तोंडावर बसला. दुसऱ्याला डोळ्यातून रक्ताची चिळकांडी उडाली. तिसरा घातला तेव्हा तातेराव गुडघ्यावर होता. चौथा घालता आला नाही. वेळू, खुर्च्या, दगड, जे हाताला आलं ते घेऊन माणसं स्टेजवर चढली आणि पुंजारामला तुडवू लागली.

काकासाहेबाने महेमूदला टेम्पोत घातलं आणि जालन्याकडे गाडी पळवली. जालना यायच्या आधीच महेमूद गेला.

पुढचं सगळं दोन दिवसांत उरकलं. डिसेंबरातल्या दंगलींपासून मुलुखात आधीच वातावरण तापलेलं. गावोगावचे पुढारी, दोन्हीकडचे जाणते, सगळे एकच म्हणत होते, "दंगल नको." जमादाराने लिहिलं की वादक तोल जाऊन स्टेजवरून पडला. काकासाहेबाला विचारलं तेव्हा त्याचा बाप शेजारच्या खुर्चीत बसला होता. काकासाहेब म्हणाला, "मी खाली वायर बघत व्हतो. मला काही दिसलं न्हाई."

तातेरावचा डावा डोळा गेला. त्याबद्दल पुंजारामला तीन वर्षं सक्तमजुरी झाली. महेमूदबद्दल कुणालाच काही झालं नाही.

*

तुरुंगात पहिल्या वर्षी पुंजाराम कुणाशी बोलला नाही, फक्त भांडला. पाण्यावरून, जागेवरून, नुसत्या बघण्यावरून. एका सकाळी पाण्याच्या रांगेत त्याने पुढच्या माणसाला धक्का दिला. त्या माणसाने बादली ठेवली, शांतपणे वळला आणि झाडूचा दांडका आडवा धरून पुंजारामच्या गळ्यावर हाणला. पुंजाराम खाली पडून माशासारखा तोंड उघडझाप करत राहिला. श्वास आला, पण आवाज आला नाही. कितीतरी महिने तो हातवारे करून बोलायचा. मग हळूहळू खरखरीत, खोल, जमिनीतून आल्यासारखा एक आवाज परतला. त्यात जोर नव्हता. ओरडायला गेला की खोकल्याची ढास लागायची आणि थुंकीत रक्त दिसायचं.

सुटून आला तो हसनाबादला. त्याची इलेक्ट्रिक गिटार मुद्देमाल म्हणून जमा होती; ती परत मागायला तो गेलाच नाही. घरात माळ्यावर कॉलेजच्या वेळची जुनी लाकडी गिटार होती, आईने, नंदाबाईने, पोत्यात गुंडाळून ठेवलेली. तिला वीज लागत नाही, स्पीकर लागत नाही. त्याने तारा बदलल्या आणि गोठ्यात बसून वाजवायला लागला. कारभारी दारात येऊन उभा राहिला.

"अजून जिरली न्हाई का तुही?"

"जिरली," पुंजाराम त्या खरखरीत आवाजात म्हणाला. "म्हणून तर हळू वाजवून राह्यलो."

कारभारीने त्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. तो बैलांकडे गेला.

गाणी येत गेली. पूर्वी तो गाणं ड्रमवर टाकायचा, ड्रम सांभाळून घ्यायचा. आता मागे कुणी नव्हतं. एक गिटार आणि फाटका गळा. त्यात खोटं काही लपत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तुरुंगातल्या रांगेचं गाणं केलं, मिलमधल्या सळ्यांचं केलं. शेवटी महेमूदचं केलं. त्यात त्याने तातेरावचं नाव घातलं. आणि गिटार पोत्यात घालून जालन्याची गाडी पकडली.

महेमूदचे वडील ख्वाजामियाँ यांचं कादराबादकडे एका गल्लीत कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे छोटी खोली. भजनी मंडळं आणि कव्वालीवाले त्या खोलीत बसून रेकॉर्डिंग करायचे. घर तिथेच, दुकानाला लागून. पुंजाराम दिसताच ख्वाजामियाँ उठून उभे राहिले.

"काहून आला?" त्यांनी विचारलं. "तेरे बाजे के पीछे मेरा बेटा गया. एक खड्डा खोदला तेवढा बस न्हाई का?"

"चाचा, एक कॅसेट भरायची आहे. मी एकटाच आहे."

ख्वाजामियाँनी टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. पुंजारामला वाटलं, हे आता भोसकणार. तो हलला नाही. मधल्या पडद्याआडून महेमूदची आई, रहिमाबी, बाहेर आली.

"आने दो उसको," ती म्हणाली. मग पुंजारामकडे वळली. "तीन बरस हुए, जो आता वो बोलता, महेमूद गिरा. मेरा बच्चा दिनभर जलते लोहे के सामने खड़ा रैता था, कभी पाँव नहीं फिसला. वो फळीवरून पडतो? तू बता, क्या हुआ?"

"गाण्यात सांगितलंय, चाची."

"तो गा."

रेकॉर्डिंग सकाळी व्हायचं, गल्लीत हातगाड्या यायच्या आत. भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडकीत उशा कोंबल्या. ख्वाजामियाँ कानाला हेडफोन लावून बसायचे आणि कामापुरतंच बोलायचे. "मायक के पास मत आ. साँस सुनाई देती." दुसऱ्या गाण्यानंतर ते म्हणाले, "रहने दे साँस." चौथ्या गाण्याला त्यांनी स्वतः उठून पुंजारामसाठी गरम पाण्यात मीठ घालून आणलं.

महेमूदचं गाणं सगळ्यात शेवटी घेतलं. पुंजाराम गायला लागला. जत्रा आली, ट्रॉल्या आल्या, झांजेचा स्टँड आला. मग ती ओळ आली:

*मागून आलास, तातेराव, मागून मारलास,*
*वाजवणाऱ्याला मारलंस, पाठ बघून मारलंस.*

ख्वाजामियाँचा हात बटनावर होता. त्यांनी ते दाबलं नाही. गाणं संपलं, फीत पुढे फिरत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी मशीन बंद केलं.

"तूने देखा?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. माझे डोळे मिटलेले व्हते. पण समोरून आला असता तर महेमूदने काठी हाणली असती, चाचा. त्याचे हात माहीत हायेत ना तुम्हाला? मागूनच आला असंल."

"देखा नहीं, और गाता?" ख्वाजामियाँ म्हणाले. मग दम खाऊन म्हणाले, "नाव काढ. दुकान जाळतील. तुझे हातपाय तोडतील."

"न्हाई काढणार."

"मेरी दुकान है!"

"और मेरा बच्चा था," पडद्यामागून रहिमाबीचा आवाज आला. "नाम रहने दो."

नाव राहिलं. कॅसेटवर त्यांनी एकच शब्द छापला: 'एकटा'.

*

जालन्याच्या स्टँडवर, मोंढ्यात, भोकरदनच्या पानटपऱ्यांवर ती कॅसेट वाजायला लागली. कुणी म्हणायचे, हे कसलं गाणं, माणूस आजारी वाटतो. पण ऐकणारे थांबून ऐकायचे. सगळ्यांत आधी ती पसरली जीपवाल्यांमध्ये. वाटूर फाट्यावर तातेरावचा मार खाल्लेले ड्रायव्हर मुद्दाम काचा खाली करून ते शेवटचं गाणं लावायचे. फाट्यावर त्याला नवीन नाव पडलं: पाठमाऱ्या. तोंडावर म्हणायची हिंमत कुणाची नव्हती. तो पुढे गेला की मागून कुणीतरी बोलायचं, आणि हसू पसरायचं.

तातेरावने एका ड्रायव्हरला गाडीतून ओढून जॅकच्या दांड्याने त्याचा जबडा फोडला. टेप उपटून रस्त्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जीपमध्ये तेच गाणं. त्याने त्याचाही हात मोडला. तिसऱ्या दिवशी त्याच्या स्वतःच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरवर ते वाजत होतं.

तेव्हा तो जालन्याला आला. भर दुपारी, चौघांना घेऊन. डोळ्यावर काळा चष्मा, शर्टाखाली गुप्ती.

पुढच्या दुकानात ख्वाजामियाँ एकटेच होते. पहिली काठी काचेच्या कपाटावर पडली. दुसरी त्यांच्या बरगड्यांवर. ते टेबलावरून घसरत खाली बसले. पोरांनी कपाटं आडवी केली, कॅसेटी पायाखाली फोडल्या, फितींची भेंडोळी ओढून रस्त्यावर फेकली. गल्लीत धावपळ झाली. कुणी शटर ओढलं, कुणी लांबून पाहत उभं राहिलं. त्या दिवशी जालन्याला आलेला पुंजाराम मागच्या खोलीत गिटारीला तार लावत होता. तो बाहेर धावला आणि पहिल्या पोराच्या नाकावर डोकं आपटलं. हाड मोडल्याचा आवाज आला. पण बाकीच्यांनी त्याला केसाला धरून खाली पाडलं आणि पोटात, पाठीत, तोंडावर लाथा घातल्या.

"बस," तातेराव म्हणाला. "बसवा त्याला. अन ते आणा."

पुंजारामला पायरीवर बसवलं, रस्त्याकडे तोंड करून. मांडीवर गिटार ठेवली. तातेरावने शर्टाखालची गुप्ती काढली आणि मागून टोक त्याच्या कानाखाली टेकवलं.

"वाजव. माझं गाणं. समद्या गल्लीला ऐकू दे."

पुंजारामच्या ओठांतून रक्त गळत होतं. त्याने गिटार धरली. त्याने गाणं सुरू केलं, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मटणवाला सुरा हातात घेऊन दुकानाबाहेर आला होता. समोरचा भांडीवाला शेठ अर्ध्या शटरखालून वाकून पाहत होता. हातगाडीवाले, बुरख्यातल्या बाया, सायकलवरून उतरलेले मिलचे कामगार, सगळे तिथेच थांबले. जत्रा आली, ट्रॉल्या आल्या. *मागून आलास, तातेराव, मागून मारलास...*

गुप्तीचं टोक कातडीत घुसलं.

"खोटं!" तातेराव गरजला. "थांब! खोटं हाये हे! म्या मागून मारणारा हाये का रे? कुणाला मागून मारलं म्या आजवर? समोर उभा व्हतो त्याच्या! समोरून मारला! त्याच्या तोंडाकडं बघून लाथ मारली छातीत! अन तू मला पाठमाऱ्या म्हणतोस?"

त्याने काय म्हटलं ते सगळ्यांना कळलं होतं. त्याला मात्र अजून कळलं नव्हतं. तो गल्लीकडे पाहून पुन्हा ओरडला, "समोरून! ऐकलं का? समोरून!"

रहिमाबी उंबऱ्यावर आली. फुटलेल्या काचांवर तिचे अनवाणी पाय पडले, पण ती थांबली नाही. तातेरावच्या इतकी जवळ गेली की त्याला मान खाली घालून तिच्याकडे पाहावं लागलं.

"समोरून मारलंस," ती म्हणाली, "तर त्याचं तोंड बघितलं असशील."

तातेराव एक पाऊल मागे सरकला.

"काय म्हणला तो? मेरे बच्चे ने आखरी में क्या बोला? तुला एकट्याला माहीत हाये. बोल."

तातेरावच्या मागचा पोरगा म्हणाला, "दादा, चला. चला इथून." तातेरावने त्याला ढकललं. चष्मा काढला. डावीकडची ती आत ओढलेली पापणी सगळ्यांनी पाहिली.

"काठ्या खाली ठेवल्या व्हत्या त्याने," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम साधा झाला, कुणी रस्ता विचारल्यावर सांगावा तसा. "दोन्ही हात जोडले. म्हणला, भाऊ, गाणं संपू दे, मंग मार."

रहिमाबी तशीच उभी राहिली. पायाखाली रक्त पसरत होतं. पुंजारामने गिटार सोडून दिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तेवढ्यात तातेरावला कळलं. त्याने गल्लीकडे पाहिलं, माणसांची तोंडं पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती आली. भीतीबरोबर पहिल्यापेक्षा मोठा राग आला. त्याने पुंजारामचा डावा हात मनगटाला धरून ओढला, उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर दाबला आणि ओरडला, "शटर पाडा!"

दोन पोरांनी शटर धरून खाली आपटलं. पुंजारामची किंकाळी निघाली, पण त्या फुटक्या गळ्यातून ती किंकाळीसारखी वाटलीच नाही. कुणी कापड फाडल्यासारखी वाटली. त्यांनी शटर उचललं आणि पुन्हा आपटलं.

मग मटणवाला पुढे आला. त्याच्या मागून मिलचे कामगार. भांडीवाल्या शेठने पितळी परात फेकली, ती एका पोराच्या कपाळावर बसली. चौघं पोरं जीपकडे पळाली आणि धन्याला सोडून गेली. तातेराव एकटा राहिला. गुप्ती त्याने दोनदा फिरवली, एका कामगाराचा दंड कापला. तिसऱ्यांदा कुणीतरी त्याच्या कोपरावर वजनाचं पाच किलोचं लोखंडी माप घातलं. गुप्ती पडली. माणसं त्याच्यावर तुटून पडली. चपला, लाकडं, कपाटाच्या फळ्या. तो आधी शिव्या देत होता, मग नुसता कण्हत होता, मग तेही थांबलं.

ख्वाजामियाँ बरगड्या धरून सरपटत दाराशी आले.

"मारो मत!" ते ओरडले. "अरे मारू नका रे! मर गया तो कोर्ट में कौन बोलेगा?"

दयेने कुणी थांबलं नसतं. पण हे बोलणं लोकांना पटलं. हात खाली आले. एकाने जाता जाता आणखी एक लाथ घातली, तेवढीच.

*

पोलिसांनी सुरुवातीला लिहिलं, 'दोन गटांत किरकोळ हाणामारी'. पण गल्ली या वेळी गप्प बसली नाही. मटणवाला गेला, भांडीवाला शेठ गेला, दंड कापलेला कामगार टाके घालून गेला. प्रत्येकाने तेच सांगितलं. शेठला ठाण्यात कुणीतरी म्हणालं, तुम्ही कशाला यात पडता? शेठ म्हणाला, "त्या बाईने विचारलं, त्याने सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. आता मी काय बहिरा होऊ?"

पुंजाराम दवाखान्यात होता. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. एका दुपारी काकासाहेब आला. तो जाडा झाला होता, केस विरळ झाले होते. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून तो हाताच्या प्लास्टरकडे पाहत राहिला.

"तू पाह्यलं व्हतं ना?" पुंजारामने विचारलं.

"पाह्यलं व्हतं."

"हात जोडले व्हते त्याने?"

"जोडले व्हते." काकासाहेबाने भिंतीला टेका दिला. "मी दोन पावलांवर व्हतो. बेस वाजवून राह्यलो व्हतो. माझे हात थांबलेच न्हाईत पुंजा. तो पडला तरी मी वाजवतच व्हतो."

पुंजारामला उठता येत असतं तर त्याने त्याला मारलं असतं. त्याने उजव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलून फेकला. तो काकासाहेबाच्या हनुवटीला लागला. काकासाहेबाने तो उचलला, पुन्हा भरून आणला आणि जागेवर ठेवला.

"कोर्टात बोल," पुंजाराम म्हणाला.

"बाप जीव घेईल."

"मंग घेऊ दे."

खटला उभा राहायला १९९९ साल उजाडलं. काकासाहेब साक्षीला आला. त्याचा पुढचा एक दात पडलेला होता आणि एक कान सुजून काळा झाला होता. कुणी केलं ते कुणी विचारलं नाही. जालन्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने सगळं सांगितलं. आपण आधी दिलेला जबाब खोटा होता, हेही सांगितलं. रहिमाबी पूर्ण वेळ मागच्या बाकावर बसून होती. तातेरावकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

तातेरावला सात वर्षं झाली. त्याचे लोक वर अपिलात गेले, पण तो आत राहिला. वाटूर फाट्यावर जीपगाड्या आता दुसरा कुणी चालवतो. तोही मारतो, असं ड्रायव्हर सांगतात.

पुंजारामच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं कायमची वाकडी राहिली. तिसऱ्यात जोर नव्हता. त्याने कितीतरी प्रयत्न केला. तारा दाबल्या जात नव्हत्या. निकालानंतर काही आठवड्यांनी तो ख्वाजामियाँकडे गेला, रिकाम्या हाताने. दुकान पुन्हा उभं राहिलं होतं, निम्म्या कपाटांचं. 'एकटा' अजून मागितली जात होती.

"चाचा, शेवटचं गाणं पुन्हा घ्यायचंय."

"क्यों? चल रही है कॅसेट."

"त्यात एक ओळ खोटी हाये."

"अब क्या फरक पड़ता, बेटा? सज़ा तो हो गई."

"सज़ा त्याला झाली. महेमूदचं काय? मी त्याला पाठ दाखवून मेलेला केला. तो समोर उभा व्हता. काठ्या खाली ठेवून उभा व्हता. म्या पाह्यलं न्हाई अन गायलो. ते तसंच ठेवू?"

ख्वाजामियाँनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग उठले आणि मागच्या खोलीत गोधड्या टांगायला लागले. पुंजाराम उजव्या हाताने खिळे धरत होता.

"और बाजा?" त्यांनी विचारलं.

"नुसताच गातो."

मशीन सुरू झालं. तेवढ्यात पडदा सरकला आणि रहिमाबी आत आली. आधीच्या रेकॉर्डिंगच्या वेळी ती एकदाही या खोलीत बसली नव्हती. तिने भिंतीजवळ चटई ओढली आणि बसली. तिचे पाय सरळ पडत नव्हते; काचेच्या जखमा भरून आल्या होत्या, पण चालणं लंगडंच राहिलं होतं.

पुंजारामने या वेळी डोळे उघडे ठेवले. त्याने तिच्याकडे बघून गायलं. दोनदा गळा बसला, दोनदा पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्यांदा ती ओळ आली. त्यात आता तातेराव समोरून येत होता, महेमूद हात जोडत होता आणि जे बोलला होता ते बोलत होता. रहिमाबीने पदर तोंडात कोंबला, तरी एक हुंदका सुटलाच. माईकने तो घेतला.

ख्वाजामियाँनी हेडफोन काढला. "आवाज आ गया तेरा," ते बायकोला म्हणाले. "फिर से लें?"

"नको," रहिमाबी म्हणाली. तिने पुंजारामचा तो वाकडा हात हातात घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली, लहान पोराचं चोळतात तसं. "एक बार सुना, बहुत हुआ. ऐसाच रहने दो."